विषय: 15 मार्चची धोमखालची सहल आणि आवर्तन

प्रेषक: सरचिटणीस (रेडिंग)
मंगळवार, 20 जानेवारी 2026

सर्व गळकरी सभासदांस सप्रेम नमस्कार.

वाईच्या काकांचा काल रात्री फोन आला होता. त्यांनी जे सांगितले त्यावर या आठवड्यात निर्णय झाला नाही, तर मागच्या वर्षीप्रमाणे पुन्हा दिवसभर मेणवलीच्या घाटावर बसून घंटा पाहण्याची पाळी येईल. वाईजवळच्या धोम धरणाचे उन्हाळी आवर्तन (शेतीसाठी ठरावीक पाळीने सोडायचे पाणी) मार्चच्या मध्यास सुटण्याचा संभव आहे, आणि कृष्णेला पाणी चढले की नदीत उतरता येत नाही. नक्की तारीख कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते आणि ती बैठक अजून झालेली नाही. आपली सहल मात्र रविवार, 15 मार्चला ठरलेली असून अकरा जणांची तिकिटे काढून झाली आहेत. तेव्हा सहल आठवडाभर अलीकडे घ्यावी, पलीकडे न्यावी की जागाच बदलावी, एवढ्याच मुद्द्यावर मत कळवावे.

बाकीचा कार्यक्रम कायम आहे. 8 फेब्रुवारीस हॉलमागच्या हिरवळीवर दोरी फेकण्याचा सराव होईल (गळ लावायचा नाही, टोकाला लोकरीचा गोंडा बांधायचा, गेल्या वेळी कोणाच्या कानाला काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे) आणि 22 फेब्रुवारीस माशा (आमिष म्हणून गळावर पिसे-दोरा गुंडाळून केलेले खोटे किडे) बांधण्याची बैठक होईल. या दोन्हींविषयी इथे चर्चा नको.

---

प्रेषक: डॉक्टर (लीड्स)
मंगळवार, 20 जानेवारी

सहल पलीकडे नेण्यास माझा विरोध आहे. 19 तारखेला गुढीपाडवा आहे आणि त्यानंतरच्या रविवारी मला इथे कामावर हजर व्हायचे आहे. अलीकडे घ्यायची तर 8 मार्चला रंगपंचमी येते, आणि त्या दिवशी रंग धुवायला निम्मे गाव नदीत उतरलेले असताना आपण तिथे काठ्या घेऊन उभे राहणे शोभणार नाही.

शिवाय 15 मार्च ही तारीख आपण उगाच निवडलेली नव्हती. त्या दिवसापासून 15 जूनपर्यंत इंग्लंडातल्या नद्यांवर मासेमारी बंद असते. इथे हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा घरी जावे, आईवडिलांना भेटावे आणि कृष्णेवर एक सकाळ काढावी, ही मूळ कल्पना माझीच होती, हे नम्रपणे नोंदवतो.

ता. क. काका, खडसासाठी (महसीरसाठी) मी आठ नंबरची जड काठी आणू का?

---

प्रेषक: ताई (मँचेस्टर)
बुधवार, 21 जानेवारी

डॉक्टरांचे विधान अर्धेच बरोबर आहे, आणि हे मी सलग तिसऱ्या वर्षी लिहीत आहे. 15 मार्चची बंदी ट्राउट आणि सॅमन सोडून गोड्या पाण्यातल्या इतर माशांसाठी आहे. ट्राउट आणि सॅमनचे हंगाम प्रदेशागणिक निराळे असतात, आणि बहुतेक तळ्यांना ही बंदी लागू नाही. आपण माशी वापरणारे लोक, म्हणजे बव्हंशी ट्राउटच्याच मागे असतो, तेव्हा आपल्याला हातावर हात ठेवण्याचे मुळीच कारण नाही. ज्यांची मुले नुकतीच 13 वर्षांची झाली आहेत त्यांनी इथल्या तळ्यांवर जाताना मुलांचाही परवाना काढावा. गेल्या एप्रिलमध्ये एका सभासदाला तळ्याच्या काठावर जे ऐकून घ्यावे लागले, ते पुन्हा नको.

---

प्रेषक: सांगलीचे भाऊ (बर्मिंगहॅम)
बुधवार, 21 जानेवारी

मूळ प्रश्नाकडे येतो. दरवर्षी सहल वाईलाच का, हे मला अद्याप कोणी पटवून दिलेले नाही. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे, संगमेश्वराचे देऊळ आहे, काठावर सावली आहे आणि आमच्या चुलत्यांचे घर नदीपासून दोनशे पावलांवर आहे. चहा, न्याहारी आणि परतताना प्रत्येकी अर्धा किलो भडंग ही जबाबदारी माझी. धोमच्या आवर्तनाचा तिथे काडीचाही संबंध नाही. सातारकर मंडळींना जिल्ह्याची हद्द ओलांडण्याची अडचण असेल तर तसे स्पष्ट सांगावे.

---

प्रेषक: मिरजेच्या काकू
बुधवार, 21 जानेवारी

भाऊ, मीही तुमच्याच बाजूची, पण जे आहे ते लिहिले पाहिजे. आपल्याकडे पाण्याचा संबंध नाही असे कसे म्हणता? टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजना सुरू झाल्या की कोयनेच्या पायथा वीजगृहातून नदीत पाणी सोडतात. एक यंत्र चालले तर 1050 क्युसेक आणि दोन्ही चालली तर 2100. ते कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि तिथून खाली आपल्याच दारात येते. म्हणजे वाईकरांना एका धरणाची चिंता, आणि आपल्याला वरच्या सगळ्या धरणांची.

दुसरे म्हणजे, मार्चमध्ये बंधाऱ्यांना बरगे घातलेले असतात. फळ्या बसल्या की मागचे पाणी तुंबते आणि नदीचे तळे होते. माझे वडील अशा पाण्यात वेळूची काठी आणि मोराच्या पिसाचा तरंगा घेऊन बसत. हिंग घालून मळलेली कणीक गळाला लावत आणि संध्याकाळपर्यंत दोन रोहू घेऊन येत. त्या पद्धतीला साचलेले पाणीच लागते. माशीचे तसे नाही. तिला वजन नसते, ती धारेबरोबर वाहत जायला हवी, तरच माशाला ती खरी वाटते. पाणी हललेच नाही तर प्रत्येक वेळी आपणच दोरी ओढून तिला चालवावे लागते, आणि तासाभरात खांदा भरून येतो. गेल्या वर्षी मी हे बंधाऱ्यामागे स्वतः करून पाहिले आहे. चार तासांत एक चिलापी (तिलापिया) मिळाली, तीही शेपटीला गळ अडकून.

त्यातून ऐन उन्हाळ्यात पाणी अडून राहिले की वास येतो, कधी मासे पालथे पडलेले दिसतात. पाहुण्यांना ते दाखवायचे का? हरिपूरला जरूर जाऊ, पण हळदीची पेवे पाहायला.

मोराच्या पिसावरून आठवले. माशा बांधायला म्हणून परतताना कोणीही मोरपिसे बॅगेत टाकू नयेत, आपल्या देशातून त्यांच्या निर्यातीस बंदी आहे.

---

प्रेषक: वाईचे काका
गुरुवार, 22 जानेवारी

सर्वांस नमस्कार. मी फोनवर एक सांगितले आणि सरचिटणीसांनी त्याचे दुसरेच लिहिले, म्हणून हा खुलासा करतो.

मी आयुष्यभर पाटबंधारे खात्यात काम केले आहे, आता त्याला जलसंपदा म्हणतात. शासकीय हिशेबात रब्बी हंगाम 28 फेब्रुवारीस संपतो आणि उन्हाळी हंगाम 1 मार्च ते 30 जून असा असतो. धोमचा साठा साडेतेरा टीएमसी. त्यातले किती पाणी कोणाला आणि केव्हा द्यायचे हे समितीत ठरते, हे खरे आहे. पण ‘आवर्तन सुटले’ हे शब्द ऐकताच सहल मोडली असे समजणे चुकीचे आहे, कारण कालव्यात सोडलेले पाणी आणि नदीपात्रात सोडलेले पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कालव्याला पाणी असेल तेव्हा नदी जशी होती तशीच राहते, आणि आपल्याला काहीही बाधा येत नाही. नदीत पाणी सोडतात ते खालचे बंधारे भरण्यासाठी किंवा पिण्याच्या योजनांसाठी. मागच्या वर्षी झाले ते हे दुसरे, आणि त्या दिवशी मी गावात नव्हतो, याचा उल्लेख कोणीच करत नाही.

तेव्हा विचारायचे ते एवढेच, की 15 तारखेला नदीत पाणी असेल का. त्याचे उत्तर आज कोणीही देऊ शकत नाही, दोन दिवस आधी मात्र मी देऊ शकतो.

आता यात धोका कोणता, तेही लिहून ठेवतो, कारण इंग्लंडात राहून पावसाच्या पुराची सवय झालेल्यांना तो लक्षात येत नाही. पुराचे पाणी आवाज करत येते. धरणाचे पाणी स्वच्छ उन्हात, आकाशात ढग नसताना, गुपचूप चढते. तुम्ही घोटाभर पाण्यात उभे असता, लक्ष माशीवर असते, आणि पोटरी भिजली तरी ते आपल्याच पुढे सरकण्यामुळे झाले असे वाटते. पहिल्या लोंढ्यात पात्रातला पालापाचोळा, जलपर्णी आणि प्लास्टिक वाहत येते. दोरीला दोनदा लागोपाठ जलपर्णी अडकली तर मासा विसरून काठावर यावे. आपल्याकडचे कातळ शेवाळाने साबणासारखे झालेले असतात, त्यामुळे घाईने परतता येत नाही. शिवाय धरणाच्या तळाचे पाणी गार असते, त्यामुळे ते आल्यावर चिलापी खाणेच सोडते. म्हणजे उभे राहण्यात धोका आणि फायदाही नाही.

डॉक्टर, आठ नंबरची काठी घरी ठेवा. आमच्या लहानपणी खडस मिळत असे, आता या पट्ट्यात हाती लागेल ती चिलापी, आणि तिला पाच नंबरची पुष्कळ झाली. चिलापी 1952 साली आपल्या देशात आणली गेली, आणि तिने नदीचे काय केले ते कोळ्यांना विचारा. मार्चमध्ये ती काठाजवळच्या वाळूत ताटाएवढे वाटोळे खळगे करून बसते, वरून स्वच्छ दिसते, आणि खळग्यावरून माशी गेली की भुकेपेक्षा रागाने तोंड मारते. ती पाण्यात परत सोडण्याचा विलायती आग्रह कोणी धरू नये, दुपारी माझ्या घरी तिचे कालवण होईल. खडस लागलाच तर मात्र तो पाण्याबाहेरही न काढता सोडायचा, आणि त्यासाठी सर्वांनी गळाचा उलटा काटा घरूनच चिमट्याने दाबून आणावा.

वाईच्या घाटांवर कोणीही काठी उघडायची नाही. तो विषय माझ्यापुरता संपलेला आहे.

---

प्रेषक: युवा विभाग
गुरुवार, 22 जानेवारी

एवढी अनिश्चितता असेल तर आपण बामणोलीला का जात नाही? शिवसागर जलाशय आहे, तंबू लावता येतील, वाहत्या पाण्याचा धोकाही नाही.

---

प्रेषक: वाईचे काका
गुरुवार, 22 जानेवारी

बाळांनो, कोयना अभयारण्य 1985 चे आहे आणि 2010 पासून तो सारा टापू सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. वनखात्याला न विचारता तिथे गळ टाकणे म्हणजे रविवारची रात्र चौकीत. बोटीतून फिरायला जरूर जा, काठ्या माझ्याकडे ठेवून जा.

---

प्रेषक: खजिनदार
शुक्रवार, 23 जानेवारी

सहलीच्या जागेविषयी माझे मत नाही. मागच्या वर्षीच्या टेम्पोचे साडेतीन हजार रुपये अजून ‘येणे’ या सदरात दिसत आहेत. टेम्पो मेणवलीपर्यंतच गेला, म्हणून निम्मेच द्यायचे असे ज्यांचे म्हणणे आहे, त्यांनी टेम्पोवाला दिवसभर थांबला होता हे लक्षात घ्यावे.

---

प्रेषक: सांगलीचे भाऊ
शुक्रवार, 23 जानेवारी

टेम्पो मी ठरवला नव्हता. काकूंच्या पत्राला उत्तर देण्याइतका माझ्याकडे वेळ नाही, तथापि वारणेच्या बाजूला संगमाच्या वर थोडी धार असते, हे त्यांनाही माहीत आहे.

---

प्रेषक: मिरजेच्या काकू
शुक्रवार, 23 जानेवारी

असते. त्या धारेला दोन्ही काठांना पाण्यापर्यंत ऊस आहे. माशीची दोरी पुढे टाकण्याआधी तीसेक फूट मागे न्यावी लागते, ती प्रत्येक वेळी उसात अडकणार, आणि सोडवायला आत कोण शिरणार? ज्याला रोल कास्ट (दोरी मागे न नेता पुढे टाकण्याची रीत) येतो तोच तिथे उभा राहू शकतो, आणि तो आपल्यात फक्त ताईंना येतो.

---

प्रेषक: ताई (मँचेस्टर)
शुक्रवार, 23 जानेवारी

आभारी आहे. 8 फेब्रुवारीच्या सरावात तेवढेच शिकवेन. गोंडा आणि जुनी दोरी प्रत्येकाने आपापली आणावी.

---

प्रेषक: सरचिटणीस
रविवार, 25 जानेवारी

आलेल्या मतांवरून पुढीलप्रमाणे ठरवीत आहे, आणि यावर पुन्हा मतदान घेणार नाही. सहल 15 मार्चलाच, धोमखालीच होईल. पाण्यात उतरण्याची वेळ सकाळी साडेसहा ते दहा, त्यानंतर ऊन आणि वारा दोन्ही वाढतात. काकांनी शुक्रवारी 13 तारखेला संध्याकाळपर्यंत नदीची स्थिती या यादीवर कळवावी. दोघे जण आळीपाळीने काठावर बसून फक्त पाणी पाहतील, त्यांच्या हातात काठी असणार नाही. पहिली पाळी माझी आणि डॉक्टरांची. नदीत पाणी सोडलेले असेल, तर काकांच्या ऊस तुटलेल्या रानात दोरी फेकण्याचा सराव होईल आणि जेवण ठरल्याप्रमाणेच होईल. जलाशयाकडे कोणी वळू नये, तिथली मासेमारी सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते आणि आपण त्यांना विचारलेले नाही.

हरिपूरचा विचार दिवाळीनंतर, बंधाऱ्यांना बरगे बसण्यापूर्वी करू. भाऊंनी तेव्हा चुलत्यांशी बोलावे. भडंग मात्र 15 मार्चला आणण्यास हरकत नाही.

---

प्रेषक: वाईचे काका
शुक्रवार, 13 मार्च

आज संध्याकाळी साडेपाचला जाऊन पाहिले. कालव्याला पाणी आले आहे, नदीला नाही. आपण उतरतो तिथल्या मोठ्या कातळावर पाण्याच्या वर वीतभर अंतरावर पांढऱ्या रंगाचा आडवा पट्टा ओढून ठेवला आहे. पाणी पट्ट्याला लागले की शिट्टी वाजेल, आणि शिट्टी वाजली की जो जिथे असेल त्याने काठाकडे वळायचे, दोरीला मासा असला तरी. कंबरेपर्यंतचे रबरी पायमोजे कोणी आणू नयेत, त्यांत पाणी भरले तर माणूस उठत नाही. जुनी पँट आणि पट्टा असलेल्या सँडल पुरेत.

रंगाच्या डब्याचे आणि कुंचल्याचे मिळून 110 रुपये झाले. खजिनदारांनी ते टेम्पोच्या खात्यात घालू नयेत.