पावडरचा डबा कोणता, यापेक्षा कधी द्यायचा

'लिव्हरच्या पेशंटला प्रथिनं बंद' हा सल्ला आता जुना झाला. सिरोसिसमध्ये, म्हणजे लिव्हर कायमचं खराब होऊन घट्ट होतं त्या आजारात, आता वजनाच्या किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं द्यायला सांगतात. पण अशा पेशंटला प्रथिनांच्या पावडरचा कोणता डबा द्यायचा यावरच सगळी चर्चा चालते, वेळेबद्दल कुणीच बोलत नाही. आजारी लिव्हरमध्ये ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा तुटपुंजा, त्यामुळे निरोगी माणसाची दोन-तीन दिवसांच्या उपासाने होते ती गत या पेशंटची एका रात्रीत होते; साखर बनवायला शरीर स्नायूच मोडायला घेतं. न्यूझीलंडमधल्या २००८ च्या अभ्यासात ७१० कॅलरींचं पूरक पेय काहींना दिवसा, काहींना रात्री दिलं. वर्षभरात शरीरातली प्रथिनं वाढली ती रात्रीवाल्यांचीच.

आमचे अण्णा साडेसातला जेवायचे, ते थेट सकाळचा चहा. आहारतज्ज्ञ बाईंनी झोपताना दूध-पोळी आणि एक राजगिऱ्याचा लाडू लावून दिला. आठवडाभर कुरकुर झाली, मग स्वतःच वाटी मागायला लागले. आणि हो, वजनकाट्यावर विसंबू नका. या आजारात पोटात पाणी साठलं की काटा फसवतो. अण्णांचे दंड काडीसारखे झाले होते, तरी वजन वाढलेलं दिसत होतं! म्हणून स्नायूंची ताकद कळावी यासाठी बाई दर खेपेला त्यांच्या मुठीची पकड मोजायच्या.