शिकागोच्या वाटेचं श्रेय जोलिएला का?

पाणवाट
मिशिगन सरोवराला मिळणारी शिकागो नदी आणि मिसिसिपीच्या खोऱ्यातली डे प्लेन नदी यांच्यामध्ये पूर्वी काही मैलांची सखल, दलदलीची जमीन होती. तेवढी होडी खांद्यावर घेतली की माणूस एका खोऱ्यातून दुसऱ्यात. १६७३ मध्ये फ्रेंच शोधयात्री लुई जोलिए आणि पाद्री मार्केत मिसिसिपीवरून परतताना इथून गेले आणि वाट 'त्यांनी शोधली' असं आजही सर्रास लिहितात. मला हे साफ चुकीचं वाटतं. तेव्हा कास्कास्किया या मूलनिवासी लोकांच्या गावचा एक प्रमुख तरुण मुलांना घेऊन त्यांना सरोवरापर्यंत पोचवायला आला होता. हे मार्केतच्याच वृत्तांतात आहे!

दर्यावर्दी
असहमत. वाट आधीपासून होती, मान्य. पण मधलं अर्धा लीग (सुमारे दीड मैल) कुरण खणलं तर सरोवरातून थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत नावा जातील, हे जोलिएने सांगितलं. माँट्रियलच्या तोंडाशी होडी उलटून त्याचे सगळे कागद बुडाले, तरी त्याने आठवणीतून सांगितलं. १८४८ मध्ये कालवा झाला आणि शिकागो वाढलं ते त्याच्या जोरावर. या दूरदृष्टीचं श्रेय त्याला नाही द्यायचं?

चिखलवाट
अर्धा लीग कुठे! प्रत्यक्षात कालवा ९६ मैल खणावा लागला. उन्हाळ्यात डे प्लेनमध्ये नाव चालण्याइतकं पाणी नसतं, हे ला साल या फ्रेंच शोधयात्रीने तेव्हाच बजावलं होतं. ही वाट ऋतूगणिक बदलायची. वसंतात पूर आला की होडी न उचलता पार होता यायचं. १६७५ मध्ये अशाच पुराने आजारी मार्केतला तिथला हिवाळी मुक्काम सोडायला लावला. उलट १८१८ च्या शरदात फरचा व्यापारी गर्डन हबर्डच्या तांड्याला मधली 'मड लेक' नावाची दलदल ओलांडायला तीन दिवस लागले. माणसं कमरेइतक्या चिखलात उतरून नावा ढकलत होती. पायांना जळवा इतक्या घट्ट चिकटायच्या की तंबाखूचा काढा लावून सोडवाव्या लागत. कधी निघायचं, किती उचलायचं, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करणाऱ्यांनाच ठाऊक होतं.

पाणवाट
अगदी. आणि तिथल्या मूलनिवासींच्याच हातून १८१६ च्या तहात कालव्यासाठी जमिनीची पट्टी गेली. १८३३ च्या तहानंतर त्यांच्यातल्या पोटावाटोमी जमातीला मिसिसिपीपलीकडे हाकललं.

दर्यावर्दी
तो अन्याय उघड आहे. पण १८१६ चं खापर १७०० मध्ये वारलेल्या माणसावर फोडू नका. कालव्याची कल्पना त्याचीच.

पाणवाट
कल्पना त्याची, घ्या. वाटेच्या इतिहासात मात्र पहिलं नाव कास्कास्कियांचं हवं, यावरून मी हटणार नाही.