शब्दचर्चा : 'बायोमार्कर' म्हणजे नुसता दर्शक की व्यवच्छेदक?

विचारणा :
रक्तातल्या प्रथिनांवरून डिमेन्शियाचा प्रकार कसा ओळखतात, यावरचा एक लेख मराठीत लिहितेय आणि तीन ठिकाणी अडलेय. 'बायोमार्कर', म्हणजे शरीरातली मोजता येणारी आजाराची खूण, यासाठी जैवदर्शक, जैवसूचक, जैवचिन्हक असे तीन शब्द वाचनात आले. कुठला घ्यावा? 'डिमेन्शिया'ला सरसकट 'स्मृतिभ्रंश' म्हणावं का? आणि तिसरं, 'पी-टाऊ-२१७' हे रक्तात मोजतात त्यांतल्या एका प्रथिनाचं नाव जसंच्या तसं ठेवलं तर वाचक फसतो. मामांचा रिपोर्ट आला तेव्हा मामींनी ती ओळ वाचली आणि त्यांचे हातपायच गळाले. "दोनशे सतरा? अगं बाई, केवढं वाढलंय!" आकडा नावातला आहे, निकालातला नाही, हे गळी उतरवायला बराच वेळ गेला.

प्रतिसाद :
'स्मृतिभ्रंश' मला पटत नाही. भ्रंश म्हणजे जागेवरून घसरणं, ढळणं. अपभ्रंश, गुदभ्रंश यांतला तोच. म्हणजे स्मृतिभ्रंशात ढळते ती फक्त स्मृती. गीतेत 'स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशो' असं आहे, तिथेही या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. लॅटिन शब्दातलं 'मेन्स' म्हणजे मन, बुद्धी. आपली म्हणसुद्धा 'साठी बुद्धी नाठी' अशीच आहे, स्मृतीचं नावही नाही तिच्यात.

हा काथ्याकूट वाटेल, पण तुमचा विषयच प्रकार ओळखण्याचा आहे. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात सुरुवातीला आठवण बहुधा शाबूत असते, बिघडतं ते वागणं किंवा बोलणं. लेवी बॉडी प्रकारात नसलेली माणसं दिसतात, लक्ष कधी जाग्यावर तर कधी नाही. या दोघांना 'स्मृतिभ्रंशाचे प्रकार' म्हटलं की वाचक पहिल्याच ओळीत चकतो. 'बुद्धिभ्रंश' लिहा.

त्यावर प्रतिसाद :
अर्थाच्या दृष्टीनं तुमचं बरोबर. पण कुणाच्या मुलीला "तुमच्या वडलांना बुद्धिभ्रंश झालाय" असं सांगून बघा. 'बुद्धी भ्रष्ट झाली' ही आपल्याकडे शिवी आहे. 'म्हातारचळ' तर त्याहून वाईट, त्यात आजार कमी आणि शेरा जास्त. मी 'डिमेन्शिया'च ठेवीन.

आणि चुकीचं नाव टिकतं म्हणून काही बिघडत नाही. 'अमायलॉइड' घ्या, अल्झायमरमध्ये मेंदूत साचतो तो पदार्थ. १८५४ मध्ये जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो यांनी आयोडीन टाकल्यावर रंग बदलतो म्हणून अशा साठ्याला पिठूळ पदार्थासारखा, स्टार्चसारखा ठरवलं आणि तसं नाव दिलं. पाचच वर्षांत तो प्रथिनांचा निघाला. नाव आजही तेच. कृपा करून त्याचं 'पिष्टाभ' करू नका, नाहीतर दीडशे वर्षांपूर्वीची चूक आपण नव्यानं मराठीत आणू. उलट 'प्रथिन' हा शब्द बघा, कानाला प्रोटीनजवळ आणि अर्थानं 'प्रथम'जवळ. मूळ ग्रीक शब्दातही 'पहिला' हाच भाव. असे शब्द रोज घडत नाहीत.

प्रतिसाद :
मी प्रयोगशाळेत काम करते, म्हणून बायोमार्करबद्दल. 'जैवदर्शक' वाचलं की माझ्या डोळ्यांसमोर नाटकाला आलेला प्रेक्षक येतो, पण ते सोडा. खरी अडचण अशी की एकाच शब्दाखाली दोन वेगळी कामं दडली आहेत.

न्यूरोफिलामेंट लाइट, म्हणजे एनएफएल, हे चेतापेशीच्या लांब तंतूच्या सांगाड्यातलं प्रथिन. तंतूला इजा झाली की ते झिरपतं आणि थोडं रक्तात उतरतं. पण ते फ्रंटोटेम्पोरल प्रकारात वाढतं, पक्षाघातात वाढतं, डोक्याला मार लागल्यावर वाढतं, आणि नुसत्या वयानंही वाढतं. 'पडझड चालू आहे' एवढं ते सांगतं. कुणी केली ते नाही. हा झाला सूचक.

पी-टाऊ-२१७ चं तसं नाही. ते प्रामुख्यानं अल्झायमरच्या प्रक्रियेत वाढतं, फ्रंटोटेम्पोरलमध्ये सहसा नाही. ते एकाला दुसऱ्यापासून वेगळं काढतं. यासाठी मराठीत तयार शब्द आहे आणि आपण तो फक्त न्यायशास्त्रात आणि परीक्षेच्या उत्तरात वापरतो : व्यवच्छेदक. माझं मत : सर्वसाधारण अर्थी 'जैवसूचक', आणि प्रकार ठरवणारा असेल तिथे 'व्यवच्छेदक जैवसूचक'. लांबतं खरं, पण लेखाचा अर्धा मुद्दा त्या एका विशेषणात आहे. अर्थात व्यवच्छेदक म्हणजे निर्णायक नव्हे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पी-टाऊही वर जातं. शिवाय उतारवयात अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचा डिमेन्शिया एकाच मेंदूत नांदतात, मग कसला व्यवच्छेद!

एक सूचना. 'प्रमाण' हा शब्द जपून वापरा. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं अल्झायमरसाठीच्या ज्या पहिल्या रक्तचाचणीला मान्यता दिली (५५ वर्षं आणि पुढच्या, लक्षणं दिसत असलेल्या लोकांसाठी, निदानाला साहाय्य म्हणून), तिच्यात पी-टाऊ-२१७ आणि अमायलॉइड-बीटा-४२ (अमायलॉइडचाच एक प्रकार) यांचं गुणोत्तर काढतात. 'दोघांचं प्रमाण' लिहिलं तर वाचक दोन वेगळी मोजमापं समजेल.

विचारणारी :
'व्यवच्छेदक' घेतला. 'डिमेन्शिया'ही ठेवते, पहिल्या परिच्छेदात 'स्मृतिभ्रंश' का नाही ते दोन ओळींत सांगते. राहिला २१७.

प्रयोगशाळावाल्या पुन्हा :
तो पत्ता आहे. टाऊ ही अमिनो आम्लांची साखळी, तिच्या सर्वांत लांब रूपात ४४१ कड्या. त्यातल्या २१७ व्या कडीला फॉस्फेट चिकटलेलं असतं, म्हणून पी-टाऊ-२१७. १८१ व्या कडीला असेल तर पी-टाऊ-१८१. इमारतीतला खोली क्रमांक समजा. पहिल्यांदा 'कडी क्रमांक २१७ ला फॉस्फेट जोडलेला टाऊ' असं लिहा, पुढे छोटं नाव चालेल. निकालाचा आकडा पिकोग्रॅममध्ये असतो, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात.

विचारणारी :
मामींना 'खोली नंबर' वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून रिपोर्ट पुन्हा पुढ्यात घेतला. "मग बघायचा आकडा कुठला?" त्याच ओळीत, उजवीकडे, बारीक टाइपात होता.