‘वळू’ म्हणजे नेमकं काय? बैल, खोंड, पोळ आणि एक मागे पडलेला सिनेमा

प्रश्न : ‘वळू’ सिनेमा नुकताच पाहिला. बैल, सांड आणि वळू यांत फरक काय? गावकरी तर सिनेमातल्या त्या जनावराला देवाचा म्हणतात. मग नाव ‘वळू’ का?

प्रतिसाद : आधी शब्द पाहू. गाईचं नर वासरू म्हणजे गोऱ्हा. तो वाढून जवान झाला की खोंड. खोंडाला खच्ची करून औताला किंवा गाडीला जुंपलं की तो बैल, आणि पैदाशीसाठी तसाच राखला तर वळू. (मन ‘खच्ची होणं’, ‘खच्चीकरण’ हे शब्द इथूनच आले.) म्हणजे वळूला बैल म्हणणं शेतकऱ्याच्या कानाला खटकतं. गाय माजावर आली की तिला ‘वळू दाखवतात’. कृत्रिम रेतन गावोगाव पोचल्यापासून वळू पाळायची गरज कमी झाली आणि शब्दही मागे पडला.

देवाच्या नावाने सोडलेल्याला जुना शब्द ‘पोळ’. वृषोत्सर्गात, म्हणजे असा वळू सोडण्याच्या विधीत, अंगावर त्रिशूळ आणि चक्राचे डाग देऊन सोडत. पोळ कुणाच्याही शेतात शिरला तरी त्याला मारायचं नाही, असा रिवाज. त्यामुळे तुमची शंका रास्त आहे. काटेकोर बोलायचं तर सिनेमातलं ते जनावर, डुरक्या, पोळच.

तरीही मला ‘वळू’ हेच नाव योग्य वाटतं. पोळ म्हटलं की त्याचं देवाशी असलेलं नातं पुढे येतं, वळू म्हटलं की त्याची न दबलेली ताकद. सिनेमातल्या कुसवडे गावाला नेमकी तीच सोसत नाही. गावात काही मोडलं, नासलं की खापर डुरक्यावर फुटतं, आणि त्याला धरायला थेट वनखात्याचा अधिकारी बोलावला जातो. अतुल कुलकर्णींनी तो फार संयमाने उभा केलाय. मोहन आगाशे सरपंच, नंदू माधव त्यांचे विरोधक, दिलीप प्रभावळकर भटजी. प्रत्येकाला डुरक्या आपापल्या कामापुरता हवा असतो किंवा नको असतो. विनोद त्यातूनच येतो, कुणी तोंड वेडंवाकडं करत नाही. गिरीश कुलकर्णींनी रंगवलेला जीवन तर पुन्हा पुन्हा पाहावा असा. कथा-पटकथेतही त्यांचा वाटा आहे.

२००८ साली आलेला हा दिग्दर्शक उमेश कुलकर्णींचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. पुढे उमेश-गिरीश याच जोडीचा ‘देऊळ’ गाजला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि ‘वळू’ त्याच्या मागे झाकला गेला. मला दोघांत ‘वळू’ जास्त जवळचा. ‘देऊळ’ला काही सांगायचं आहे हे सतत जाणवतं, इथे गाव बोलतं, आपण ऐकत राहतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहा.

दुसरा प्रतिसाद : आमच्याकडे विदर्भात वळूला ‘सांड’ हाच शब्द जास्त कानावर येतो. माणसाला सांड किंवा वळू म्हटलं तर ती शिवी. खाऊनपिऊन मस्त, कामाला हात लावत नाही, अशा पोराला म्हातारी माणसं ‘नुसता वळू झालाय’ म्हणतात.

प्रश्नकर्ता : आणि ‘डुरक्या’?

प्रतिसाद : डुरकणे या क्रियापदावरून. गाय हंबरते, म्हैस रेकते, घोडा खिंकाळतो, वाघ डरकाळी फोडतो, वळू डुरकतो. मान खाली घालून, खुराने माती उकरत तो घशातून जो खोल, घुमणारा आवाज काढतो, ते डुरकणं. खच्ची केलेला बैल सहसा असा डुरकत नाही. म्हणून गावाने ठेवलेलं हे नाव मला सिनेमाच्या नावाइतकंच नेमकं वाटतं.