आपसातला शब्द बाहेरच्याच्या तोंडी : तुमचे अनुभव लिहा

परवा ग्रंथालयात तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ मागताना एका काकूंनी नाव उच्चारणे टाळून ‘ते लक्ष्मीचे पुस्तक’ एवढेच म्हटले, आणि मला वसतिगृह आठवले. आम्ही काही समलिंगी मित्र खोलीत एकमेकांना ‘छक्का’ अशी हाक मारत असू. त्यात चेष्टा होती तसा जिव्हाळाही होता. एकदा खानावळीत, आमच्यावर खरी माया असलेल्या एका बाहेरच्या मित्राने तीच हाक मारली आणि शेजारचे टेबल हसले. त्याचा हेतू चांगला होता, परंतु त्या हसण्याचा मार आम्हाला बसला, त्याला नव्हे.

जोगेश्वरीकर :
दादा, खोलीत तरी तो शब्द तुमचा होता का? ‘हिजडा’ आम्ही ताठ मानेने म्हणतो, कारण त्यामागे घराणे, गुरू, चेले आहेत. ‘छक्का’ मात्र सिग्नलवर गाडीची काच वर करता करता ऐकवला जातो.

एक आई :
सप्टेंबर 2018 मध्ये समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा कलम 377 चा निकाल आला, त्या आठवड्यात मुलाने आम्हाला सांगितले. समलिंगी, तृतीयपंथी अशा सगळ्यांसाठी वापरला जाणारा ‘क्वीर’ हा शब्द मी निःसंकोच म्हणते, कारण 2008 मध्ये मुंबईत मोर्चा निघाला तोच ‘क्वीर आझादी’ या नावाने. इंग्रजीत ती शिवी असेल, आमच्या घरात तिला कधी धार नव्हती. ‘बायल्या’ हा शब्द मात्र त्याने आजोबांकडून इतका ऐकला आहे, की आता तो स्वतःलाच हसत तसे म्हणवून घेत असला, तरी माझ्या जिभेवर तो येत नाही. कुकरची शिट्टी झाली, उरलेले नंतर लिहीन.

बातमीदार :
तृतीयपंथी व्यक्तींविषयीच्या 2019 च्या कायद्याच्या व्याख्येतच ‘हिजडा’, ‘किन्नर’, ‘जोगता’ हे शब्द आहेत. तरीही आमच्या संपादकांनी एका मुलाखतीत सरसकट ‘तृतीयपंथी’ केले, तेव्हा मुलाखत देणाऱ्या बाई संतापल्या : ‘मी हिजडा म्हणाले ना, मग तेच छापा.’ त्यांच्या अवतरणात मी तो शब्द ठेवतो. माझ्या वाक्यात त्यांना विचारल्याशिवाय लिहीत नाही.

धागाकर्ता :
जोगेश्वरीकर ताई, ‘छक्का’ हा शब्द शाळेपासून आमच्याही अंगावर फेकला गेला, म्हणून तो उचलण्याचा हक्क आम्हालाही आहे असे मी मानतो. मात्र तुमच्या घरात मी बाहेरचाच.

जोगेश्वरीकर :
मग एकदा चहाला या, आणि हे आमच्या गुरूंसमोर बोलून दाखवा.