मदत हवी आहे: बारावीनंतर थेट आयटीत अप्रेंटिसशिप, गोव्यात कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. यंदा बारावी झालेल्या काही मुलांना डिग्रीआधी कामाला लागायचंय: नेटवर्किंग, हार्डवेअर, टेस्टिंग. पणजी, पर्वरी, वेर्णा पट्ट्यातली कुठली आस्थापनं खरोखर करार करून अप्रेंटिस घेतात?

‘ट्रेनी’ म्हणून तोंडी ठेवणारे नकोत. केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर करार नोंदला नाही, तर शेवटी सरकारमान्य प्रमाणपत्र मिळत नाही, आणि मुलाचं वर्ष वाया जातं. 2019 च्या नियमांत बारावी पाससाठी किमान विद्यावेतन महिना 7000 रुपये आहे. त्याहून कमी सांगणाऱ्यांना तिथेच नाही म्हणा. 30 किंवा जास्त माणसं असलेल्यांना अप्रेंटिस घेणं बंधनकारक, 4 ते 29 वाल्यांना ऐच्छिक. म्हणून छोट्या कंपन्यांनाही विचारायला हरकत नाही.

अडतं ते बहुधा नावात. दहावीच्या प्रमाणपत्रावर ‘नाईक’चं इंग्रजी स्पेलिंग एक, आधारवर दुसरं, बँकेत वडिलांचं नाव मध्ये. मग विद्यावेतनातला सरकारी वाटा खात्यात येत नाही. आधी आधार दुरुस्त करून खातं जोडून घ्यावं.

आणखी एक: आधी आयटीआयचा वर्षभराचा ‘कोपा’ (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) कोर्स करून मग अप्रेंटिसशिप घेतलेलं कुणी आहे का? इथल्या कंपन्या त्याला किती किंमत देतात?