मदत हवी आहे: १९४४ साली समुद्रात दफन झालेल्या नौसैनिकाची नोंद, तारीख आणि जागा कशी शोधायची?

नमस्कार मंडळी, विषय जरा लांबलचक आहे पण नीट सांगितल्याशिवाय कोणाला मदत करता येणार नाही म्हणून सगळंच लिहिते.

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत (आरआयएन) स्टोकर होते, म्हणजे बॉयलरवर काम. १९४४ च्या मे महिन्यात जहाजावरच आजारी पडून गेले आणि त्यांना समुद्रात दफन केलं असं पत्र घरी आलं होतं. ते पत्र आमच्याकडे आहे. इंग्रजीत टाइप केलेलं, घडीवर विरलेलं, तारीख १४ जुलै १९४४. त्यात अधिकृत नंबर आहे पण नेमका मधला आकडा घडीत गेलाय, ३ आहे की ८ ते कळत नाही. मृत्यूची तारीख नाही, नुसतं "मे महिन्यात". जहाजाचं नाव नाही, जागा तर नाहीच.

हे सगळं आत्ता का, तर बाबांच्या आत्या, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, त्या आता एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत. पत्र आलं तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. शाळेच्या मास्तरांनी ओटीवर बसून पत्र वाचून दाखवलं, आणि "समुद्रात दफन" म्हटल्यावर त्यांची आई एकच विचारत राहिली की अग्नी दिला का नाही. शेवटी भटजींनी सांगितलं म्हणून पालाशविधी केला, म्हणजे देह नसताना पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. तिथी माहीत नाही म्हणून श्राद्ध आजवर सर्वपित्रीलाच होतं. आक्कांचं एवढंच म्हणणं आहे की दादाची तिथी कळू दे आणि त्याला कुठे सोडला ते कळू दे. मला हे त्यांच्या हयातीत करायचंय.

आत्तापर्यंत काय केलं ते सांगते.

पहिल्यांदा फोटो. एकच फोटो आहे, युनिफॉर्ममधला, मागे स्टुडिओचा शिक्का आणि त्यात "कराची" एवढंच वाचता येतं. टोपीच्या रिबिनीवर जहाजाचं नाव असतं असं वाचलं होतं म्हणून मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन करून घेतला, आणि रिबिनीवर आहे फक्त एच.एम.आय.एस. (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप, आरआयएनच्या जहाजांच्या नावाआधी लावायचे ती अक्षरं) आणि बाजूला रिबिनीची गाठ. नंतर कळलं की युद्धकाळात शत्रूला जहाज कळू नये म्हणून नाव न घालता नुसती ही अक्षरं असलेल्या रिबिनी वापरायचे. त्या दिवशी खूप वाईट वाटलं, कारण माझी सगळी आशा त्या रिबिनीवर होती.

मग स्मारकं. ज्याला विचारावं तो दीवचं खुकरी स्मारक सांगतो. खुकरी ही युद्धनौका बुडाली ९ डिसेंबर १९७१ ला, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, ते वेगळं युद्ध. इंडिया गेटवरची नावं पहिल्या महायुद्धाच्या वेळची आणि अफगाण युद्धाची, आणि दिल्लीचं नवीन राष्ट्रीय युद्ध स्मारक स्वातंत्र्यानंतरच्या जवानांचं. आजोबांच्या या भावासारख्यांची नावं आहेत ती मुंबईत, मशीद बंदर स्टेशनजवळ इंडियन सेलर्स होममध्ये, १९३९-४५ च्या बॉम्बे वॉर मेमोरियलला. तीच नावं चितगावच्या वॉर सिमेटरीतल्या स्मारकातही आहेत. आरआयएनचे साधारण ४०० आणि व्यापारी जहाजांवरचे जवळपास ६,०००, ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही असे सगळे. इतकी वर्षं त्या स्टेशनवरून जाते-येते आणि मला याचा पत्ताच नव्हता.

या स्मारकांचं काम कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन बघतं आणि त्यांच्या साइटवर नावं शोधता येतात. लढाईत मेला नाही तर नाव नसेल अशी मला भीती होती पण तसं नाहीये, ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात नोकरीत असताना आजाराने गेलेलाही धरतात. आरआयएन, १९४४, बॉम्बे/चितगाव असे फिल्टर लावून एकेक नाव वाचलं. खरी अडचण स्पेलिंगची. आपलं एकच आडनाव कोणी व्ही ने लिहिलंय कोणी डब्ल्यू ने, कुठे वडिलांचं नावच आडनाव करून टाकलंय. व्यापारी जहाजांच्या यादीत तर तांडेल हे आडनाव आहे की हुद्दा तेही कळायला मार्ग नाही, कारण सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, हाताखालचा तोही तांडेलच. तर आमच्याशी जुळतील अशा दोन नोंदी निघाल्या, एक मेच्या पहिल्या आठवड्यातली, एक महिनाअखेरीची. एक तारीख वैशाखात पडते, दुसरी ज्येष्ठात. चुकीच्या माणसाची तिथी मी आक्कांना कशी सांगू?

बुडालेल्या जहाजांची यादी पण बघितली. पथान जून १९४० मध्ये मुंबईबाहेर बुडालं, पार्वती एप्रिल १९४१, प्रभावती डिसेंबर १९४१, इंडस एप्रिल १९४२ ला ब्रह्मदेशातल्या अक्याबजवळ. सगळी १९४४ च्या आधीची, आणि पत्रातही जहाज बुडाल्याचं नाही, म्हणजे जहाज चालू होतं आणि प्रवासात रीतसर दफन झालं. तसं असेल तर जहाजाच्या लॉगबुकात वेळ आणि अक्षांश-रेखांश लिहिलेले असायला पाहिजेत ना. कॅनव्हासमध्ये शिवून, पायाशी वजन बांधून, झेंड्याखालून फळीवरून सोडतात आणि त्याची नोंद करतात.

तर माझे प्रश्न:

त्या दोन नोंदींतली आमची कुठली हे कसं ठरवायचं? पत्रातला नंबर अर्धवट आहे.

एच.एम.आय.एस. जहाजांची लॉगबुकं कोणी प्रत्यक्ष बघितली आहेत का? ब्रिटिश रॉयल नेव्हीच्या जहाजांची लंडनला क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, इंडिया ऑफिसचे कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आपली कुठे मागायची, दिल्लीला का तिकडे?

आणि सेलर्स होममध्ये कोणी जाऊन आलंय का? आधी परवानगी लागते का, जिने किती आहेत, नाव असलेल्या पानाचा फोटो काढू देतात का? आक्कांना व्हीलचेअरवरून नेणार आहे.

नाव-गाव इथे उघड लिहीत नाही, कोणी मदत करणार असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, पत्राचा फोटो पाठवते.

*

भर, आठ दिवसांनी:

सगळ्यांचे मनापासून आभार. ज्यांनी "जिल्हा बघू नका, संस्थान बघा" असं लिहिलं त्यांच्यामुळे काम झालं. मी आधी सिंधुदुर्ग टाकून शोधत होते, मग तो जिल्हा १९८१ चा म्हणून रत्नागिरी टाकलं, पण आमचं गाव तेव्हा सावंतवाडी संस्थानात होतं हे डोक्यातच आलं नाही. महिनाअखेरीच्या नोंदीत वडिलांचं नाव आहे आणि पुढे गाव, सावंतवाडी संस्थान. स्पेलिंग इतकं वेडंवाकडं आहे की मोठ्याने वाचल्यावरच आमच्या गावाचं नाव ऐकू आलं. मधला आकडा ८ आहे.

म्हणजे ज्येष्ठ शुद्ध. काल आक्कांना सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ज्येष्ठात म्हणजे पेरणीच्या आधी, तेव्हा आई त्याची वाट बघत होती.

जहाज अजून सापडलेलं नाही. त्या काळात आरआयएनची जहाजं अरबी समुद्रापासून ब्रह्मदेशातल्या आराकानच्या किनाऱ्यापर्यंत कॉन्व्हॉयबरोबर (जहाजांच्या ताफ्यांबरोबर) फिरत होती, त्यामुळे अंदाज बांधण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरचं कोणी मे १९४४ मध्ये आरआयएनच्या जहाजावर होतं, डायरी, पत्रं, पे-बुक काहीही असेल, त्यांनी एकदा चाळून बघा, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जहाजावर एखादा स्टोकर गेल्याचा उल्लेख आहे का. आणि सेलर्स होमच्या जिन्यांचं अजून कोणी सांगितलेलं नाही, ते प्लीज सांगा.